मराठी टेबलाचा एकुलता लाभार्थी

आमच्या लेखन साहाय्य केंद्रात पाच टेबले होती: हिंदी, उर्दू, बंगाली, नेपाळी आणि मराठी. पहिल्या चार टेबलांपुढे विद्यार्थी असत. पाचव्यापुढे बुद्धभूषण गजभिये असे.

योजनेचा मूळ विचार मला मान्य होता, आणि हे मी सहसा कोणत्याच योजनेबद्दल म्हणत नाही. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि प्रबंधात तिसरी अशा अवस्थेतल्या मुलाचे इंग्रजी लिखाण अडते, तेव्हा दोष बहुतेक वेळा इंग्रजीचा नसतो. काय म्हणायचे आहे हे त्याने कोणत्याच भाषेत आधी ठरवलेले नसते. त्याला मातृभाषेत नेमके प्रश्न विचारावेत, म्हणजे विचार मोकळा होतो आणि इंग्रजी त्याच्या मागून येते, असे हे गृहीतक होते. ते तपासता येण्याजोगे होते. निवृत्तीपूर्वी मी विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. तपासता येण्याजोग्या गृहीतकाला नाही म्हणणे मला जमत नाही. शिवाय मराठी लिहिता-वाचता येणारी आणि दुपारी रिकामी असलेली, लखनौच्या हजरतगंजच्या आसपासची एकमेव व्यक्ती मी आहे, असा शोध केंद्राचे संचालक निगम साहेब यांनी लावला होता.

पाचपेक्षा कमी भाषांच्या केंद्राला योजनेत 'बहुभाषिक' म्हणत नसत, आणि जे बहुभाषिक नाही ते केंद्र बंद होत असे. प्रत्येक भाषेला किमान एक सल्लागार आणि किमान एक चालू लाभार्थी हवा. मराठीची सल्लागार मी, पद्मिनी मेश्राम. लाभार्थी बुद्धभूषण, घरचे नाव बंटी. त्याचे वडील शामराव भंडाऱ्याहून दूरसंचार खात्याच्या नोकरीवर आले आणि येथेच राहिले. बंटी लखनौत जन्मला, लखनौत वाढला, आणि आता वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षात दशहरी आंब्यावर प्रबंध लिहीत होता. देठासह तोडलेले फळ कमी सडते, असा त्याचा दावा होता. सल्ला देता यावा म्हणून मी तो शंकेने वाचला. दावा ठीक होता, वाक्ये ठीक नव्हती.

अडचण वेगळीच होती. बंटीला मराठी पूर्ण समजे, पण उत्तर तो हिंदीतच देई. इकडच्या मराठी घरांतली बहुतेक मुले तसेच करतात आणि कोणाचे काही अडत नाही. केंद्रात मात्र अडत होते, कारण प्रत्येक टेबलावर एक दिवा होता. संभाषण मातृभाषेत चालू असेल तर हिरवा, नसेल तर लाल. दिव्याचे बटण भाषा-निरीक्षक आर्या मिश्रा हिच्या हाती असे. लाल जास्त झाला, तर ती बैठक झालीच नाही असे धरले जाई. आर्या मानसशास्त्र शिकलेली, अत्यंत प्रामाणिक मुलगी होती आणि तिला मराठी येत नव्हती. जे समजत नाही ते मराठी, अशी तिची कार्यपद्धती होती. तिच्या जागी असते तर मलाही दुसरी सुचली नसती.

बंटीने पहिल्या लाल दिव्यानंतर विचार केला आणि आपल्याजवळ असलेली सगळी मराठी बाहेर काढली. ती त्याने जन्मापासून आईच्या तोंडून ऐकलेली होती, त्यामुळे जवळजवळ सगळी आज्ञार्थी होती.

"नमुन्यात किती फळं होती?" मी विचारले.

"दार लाव," बंटी स्पष्ट आवाजात म्हणाला. मग ओठांतल्या ओठांत, "चार सौ, मैम. आधे डंठल वाले, आधे बिना."

"आणि झाडं कशी निवडली?"

"पाय पूस. चप्पल बाहेर काढ." क्षणभर थांबून, "पर्ची डाली थी, मैम. जो निकला वही पेड़."

"मग हे प्रबंधात का लिहिलं नाहीस?"

"पंखा बंद कर," तो खिन्नपणे म्हणाला, आणि त्याने खरोखरच लिहून काढले.

दिवा हिरवा राहिला. बैठक संपल्यावर आर्या भारावून म्हणाली, "मैम, आप लोग कितनी गहरी बातें करते हैं! मराठी में साइंस कितना अच्छा लगता है."

त्याच आठवड्यात बंटीच्या आईचा, द्रौपदीबाईंचा, फोन आला.

"जयभीम, ताई. काय जादू केली जी तुम्ही? इतकी वर्षं बोल म्हटलं तं बोलला नाही. आता घरात मराठीच बोलून राहिला."

"काय बोलतो?"

"काल मलाच म्हणते, 'भांडी घास.' मी म्हटलं, काहून रे, सरावाले माय सापडली का तुले? तं म्हणते, 'उद्याची तयारी आहे.'"

तयारी मात्र सार्थकी लागली. प्रश्न मराठीत येत होते, विचार हिंदीत होत होता, कागदावर इंग्रजी उतरत होती, आणि दार लावणे व पंखा बंद करणे यांचा त्यात कोणताही वाटा नसूनही त्यांच्यावाचून काही चालत नव्हते. कोणत्या घटकाचा परिणाम किती, हे मला वेगळे काढता आले नाही. परिणाम मात्र मोजता आला. त्यासाठी मी एक निर्देशांक तयार केला होता: एका पानाच्या वाचनात अनोळखी वाचकाला किती वेळा मागे जाऊन पुन्हा वाचावे लागते, तो आकडा. बंटीचा आकडा महिन्यागणिक उतरत गेला. तुलनेसाठी एक त्रयस्थ मजकूर हवा होता म्हणून मी केंद्राचेच परिपत्रक वापरले. मे महिन्याच्या अखेरीस बंटी परिपत्रकाच्या बराच खाली गेला. वैज्ञानिक भाषेत सांगायचे तर त्याला आता साहाय्याची गरज नव्हती आणि संचालकांना होती. यातले दुसरे अनुमान मी अहवालात घातले नाही.

याच सुमारास त्याला मलिहाबादेत काम मिळाले. तेथील फळ-संशोधन प्रकल्पात साहाय्यकाची एक जागा होती आणि प्रकल्पाचे प्रमुख यादवजी यांनी बंटीचा प्रबंध वाचून त्याला बोलावले होते. अट एकच: सोमवारी दुपारपर्यंत हजर व्हायचे आणि सोबत आमच्या केंद्राचे लेखनक्षमता प्रमाणपत्र आणायचे. त्या दिवशी दशहरीची तोड सुरू होणार होती. आंबा कोणाच्या सहीसाठी झाडावर थांबत नाही. बंटी आला नसता तर यादीतला पुढचा उमेदवार येणार होता. वर्षभर आंब्यात घालवलेल्या मुलाला पुढच्या आंब्यापर्यंत घरी बसावे लागले असते.

मी अहवाल घेऊन निगम साहेबांकडे गेले. त्यांनी तो आदराने दोन्ही हातांत घेतला, न वाचता टेबलावर ठेवला आणि चहा सांगितला.

"इतनी भी क्या जल्दी है, डॉक्टर साहिबा? अभी तो आए हैं."

"वर्षभरापूर्वी आला आहे, सर."

"एक बरस कोई बरस होता है? बैठने दीजिए बेचारे को."

पाहुणा उठू लागला की त्याला बसवायचे, तो पुन्हा उठला की पुन्हा बसवायचे, ही लखनौची रीत मला घरांतून माहीत होती. एखाद्या संस्थेने ती विद्यार्थ्याला लावलेली मी प्रथमच पाहत होते. निगम साहेब दुष्ट नव्हते. बंटी गेला की मराठी टेबल रिकामे होणार, मराठी गेली की केंद्र जाणार, आणि केंद्राबरोबर इतर चार टेबलांसमोरची सगळी मुले उघड्यावर येणार, हे त्यांचे गणित बरोबर होते. त्यांनी दुसरा लाभार्थी शोधलाही होता. त्यासाठी ते बख्शी का तालाबपर्यंत जाऊन आले. तेथे हवाई दलातली मराठी कुटुंबे आहेत. पण सुभेदार आडनावाच्या घरातल्या स्वरदाने मातृभाषा इंग्रजी लिहिली होती, आणि सौरभ नावाच्या मुलाने 'अभी सोचा नहीं' असे सांगितले होते.

"आपका इंडेक्स बहुत उम्दा है," निगम साहेब म्हणाले, "बस ज़रा नरम कर दीजिए. थोड़ी सी ज़रूरत निकल आए."

"आकडा गैरसोयीचा आला म्हणून मोजपट्टी बदलत नाहीत, सर."

"तो चाय तो लीजिए."

सोमवारी सकाळी मी राजीनामा दिला. माझा तर्क साधा होता. योजनेत एक कलम होते: ज्या भाषेचा सल्लागार उपलब्ध नाही, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला साहाय्याची गरज नाही असे मानावे. सल्लागार नसलेल्या केंद्रांत गरजू मुलांचा आकडा फुगू नये, म्हणून कोणीतरी ते घातले असावे. मी नसले की बंटी त्या क्षणी लेखनक्षम ठरत होता आणि संचालकांना सही नाकारण्यास आधार उरत नव्हता. केंद्राचे नाव तेवढ्याने जात नव्हते. सल्लागाराची जागा रिकामी असल्यास ती भरण्यास योजनेने सवड दिलेली होती.

निगम साहेबांनी राजीनामा वाचला आणि ते प्रेमाने हसले.

"आप तो तकल्लुफ़ कर रही हैं."

"भिडेपोटीचा तकल्लुफ नाही हा, सर. मी नागपूरची आहे. आमच्याकडे नाही म्हणजे नाही, आणि तेही एकदाच म्हणतात."

"सब पहले यही कहते हैं," ते म्हणाले, आणि कागद मला परत दिला.

बंटी दाराशी पिशवी घेऊन उभा होता. खाली टॅक्सी थांबली होती. अशा वेळी आर्याने घसा खाकरून सुचवले की कलमात राजीनाम्याचा उल्लेखच नाही. 'उपलब्ध नाही' एवढेच आहे. मॅडम बाहेर गेल्या तरी पुरे.

मी उठून व्हरांड्यात गेले.

"व्हरांडा भी तो सेंटर ही है," निगम साहेब आतून म्हणाले.

मी जिना उतरून फाटकाबाहेर गेले. ते खिडकीत आले. "यहाँ तक तो हम आवाज़ दे सकते हैं, डॉक्टर साहिबा!"

मी वर पाहून विचारले, की मग त्यांच्या मते उपलब्धता नेमकी कोठे संपते. निगम साहेबांनी त्या प्रश्नाचा खरोखर विचार केला. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत.

"जहाँ तक हमारी चाय गरम पहुँच जाए," ते शेवटी म्हणाले, "वहाँ तक तो आप हमारी ही हैं."

"गरम म्हणजे किती?"

"गरम यानी गरम. ज़बान बता देगी."

जिभेवर मी हे सोडणार नव्हते. खिडकीतून वर-खाली थोडी घासाघीस झाली आणि पन्नास अंश सेल्सिअसवर तडजोड झाली. त्याखाली चहा गार, सल्लागार अनुपलब्ध, सही ताबडतोब. भांडे केटली, थर्मास नाही. मापन आर्याचे, तापमापक माझा.

अशा रीतीने आम्ही निघालो. टॅक्सीत मी आणि बंटी. मागे केंद्राचे वयस्क शिपाई रामखिलावन यांची स्कूटर, तिच्यावर मागच्या बाजूला आर्या, आणि आर्याच्या मांडीवर संचालकांनी स्वहस्ते भरलेली केटली. मी मनात हिशेब केला. बाहेरची हवाच त्रेचाळीस अंशांची होती, म्हणजे चहाला गार होण्यास जागा फार थोडी होती. जूनमध्ये लखनौत कोणतीही वस्तू आपल्या मर्जीने गार होत नाही. तरी झाकणाची फट आणि वाऱ्याचा वेग धरता, काकोरीच्या किंचित पुढे काम होईल असा माझा अंदाज होता.

दुबग्ग्याच्या मंडीपाशी आंब्यांच्या गाड्यांमुळे सगळे अडकले. स्कूटर आम्हाला येऊन मिळाली. आर्याने खिडकीतून तापमापक दाखवला: पुष्कळ गरम. रामखिलावन यांनी आणलेल्या पेल्यात मला चहा दिला. तो न घेणे अपमानाचे ठरले असते, म्हणून मी घेतला, आणि बंटीने घड्याळाकडे पाहिले.

"मैम, पहुँच तो जाएँगे ना?"

"दार लाव," मी म्हणाले. टॅक्सीचे दार खरोखरच उघडे होते.

काकोरी ओलांडल्यावर मी टॅक्सी थांबवली. अंदाज बरोबर असेल तर चहा आता सीमेच्या खाली असायला हवा होता. स्कूटर आली. आर्याने मापन केले, पुन्हा केले, आणि गोंधळून माझ्याकडे पाहिले.

"मैम, अस्सी."

ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावर माझा विश्वास आहे. रामखिलावन यांच्यावर तितका नव्हता. मी त्यांना विचारले.

"ठंडी हो रही थी," ते सहजपणे म्हणाले. "काकोरी में भट्ठी पर गरम करवा ली."

"पण ती गार होऊ द्यायची होती!"

त्यांनी माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहिले, की मी त्यांना काहीतरी अशोभनीय करायला सांगते आहे. "मैडम जी, हम बासठ बरस के हुए. मेहमान को ठंडी चाय हमने आज तक नहीं दी. साहब कहें तब भी नहीं देंगे."

मी त्यांना प्रयोगाची रचना समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि पुढच्या टपरीची चौकशी केली. आता हे उघड होते, की मलिहाबादपर्यंत जितक्या भट्ट्या आहेत तितक्या वेळा हा चहा गरम होणार, आणि मी हरदोईपर्यंत गेले तरी उपलब्धच राहणार. आर्याच्या डोळ्यांत पाणी आले. सूर्य डोक्यावर येत होता. काय करावे हे कधी नव्हे ते मला सुचेना.

बंटी टॅक्सीतून उतरला. त्याने रामखिलावन यांना नमस्कार केला आणि म्हटले, "चाचा, हमें भी पिला दीजिए."

रामखिलावन आनंदले. त्यांनी पेला भरला. बंटीने तो एका दमात संपवला आणि पुढे केला. त्यांनी पुन्हा भरला. तिसऱ्या पेल्यानंतर बंटीचा चेहरा लाल झाला, चौथ्यानंतर डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण हात खाली आला नाही. मागणाऱ्याला नाही म्हणणे रामखिलावन यांच्या धर्मात नव्हते आणि ते कौतुकाने ओतत राहिले. शेवटचा घोट बंटीने थेट केटलीच्या तोटीतून घेतला. मग त्याने केटली उलटी करून आर्यासमोर धरली.

आर्याने तापमापक आत घातला, बाहेर काढला. "मैम, यह तो केटली का टेम्परेचर है. चाय का नहीं."

"बरोबर."

"चाय है ही नहीं. तो गरम चाय..." ती सावकाश म्हणाली, "नहीं पहुँची."

तर्कात दोष नव्हता. तिने संचालकांना फोन लावला आणि सर्व जसे घडले तसे सांगितले.

"लड़के ने सारी पी ली?" निगम साहेबांचा आवाज आला. "अच्छी बनी थी?"

बंटीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. त्याच्या तोंडून शब्दाऐवजी वाफेसारखा काहीतरी आवाज आला.

"बहुत अच्छी, सर," आर्या म्हणाली.

प्रमाणपत्राचे छायाचित्र आम्ही मलिहाबादेत शिरण्यापूर्वी बंटीच्या फोनवर आले. त्यात एक ओळ जास्तीची होती: 'सल्लागार अनुपलब्ध असेपर्यंत वैध'. ती मी दोनदा वाचली. निगम साहेबांनी सही केली होती आणि लाभार्थी सोडलाही नव्हता. मला त्यांच्याबद्दल प्रथमच व्यावसायिक आदर वाटला.

यादवजी बागेच्या कडेला, आंब्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. भोवती मजूर झेले, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या, घेऊन तयार होते. त्यांनी प्रमाणपत्र पाहिले, मान डोलावली, आणि विचारले, "तो बताओ बेटा, डंठल कितना छोड़ना है, और क्यों?"

बंटीने तोंड उघडले. जीभ सुजली होती. "ह... हं..." एवढेच निघाले. यादवजींच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी शेजारच्या माणसाकडून दुसऱ्या उमेदवाराचा नंबर मागितल्याचे मी ऐकले. बंटीनेही ऐकले. त्याने यादवजींच्या पुढ्यातला कागद ओढला, पेन घेतले आणि खुर्चीच्या हातावर टेकवून लिहू लागला.

पान भरले. मग सवयीने त्याने ते माझ्यापुढे सरकवले, आणि माझ्याकडे पाहिले.

माझ्या नजरेला पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य दिसले. ते चुकीचे नव्हते, पण त्यात दोन वेगळे दावे एकत्र बांधले होते, आणि त्यातला एक सिद्ध झालेला नव्हता. विचारायचा प्रश्न माझ्या जिभेवर तयार होता. तो विचारला असता तर मी उपलब्ध ठरले असते आणि प्रमाणपत्र तेथेच बाद झाले असते.

मी वर पाहिले. माझ्या डोक्यावर पुष्कळ दशहरी लटकत होते. मी त्यांचे निरीक्षण करू लागले.

बंटी थोडा वेळ वाट पाहत राहिला. मग त्याने कागद परत ओढला, स्वतःच वाचला, त्या वाक्याशी थांबला, आणि अर्धे वाक्य खोडले. खोडलेल्या भागापुढे त्याने लिहिले, की हे अजून तपासलेले नाही; या हंगामात तपासता येईल. कागद त्याने यादवजींच्या हातात दिला.

यादवजींनी चष्मा लावला. वाचता वाचता ते खुर्चीत पुढे सरकले.

"यह इस सीज़न में कैसे देखोगे?" त्यांनी विचारले. बंटीने चार झाडांकडे बोट दाखवले, मग दुसऱ्या चारांकडे. यादवजी उठले. "चलो, दिखाओ." एका मजुराच्या हातातला झेला घेऊन त्यांनी तो बंटीच्या हातात दिला आणि दोघे झाडांत शिरले.

रामखिलावन रिकामी केटली घेऊन माझ्याजवळ आले. मलिहाबादेत चहा चांगला कोठे मिळतो, असे त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले, की संध्याकाळपर्यंत मला चहा नको आहे.

"तकल्लुफ़ मत कीजिए," ते म्हणाले, आणि शोधायला गेले.